जबाबदार व्यक्ती

ग्रिम्सबीच्या गोदीवर सकाळी सहाला
वाऱ्याला गंजक्या लोखंडाची चव असते.
कथबर्ट आणि पुत्र यांच्या दारात मी वहीत नाव लिहिते, वेळ लिहिते,
आणि जिथे आग हाच धंदा
तिथे आगीचा धोका मोजायला आत शिरते.

ज्वाळ नको, नुसता धूर हवा, ऑस्मंड कथबर्ट सांगतो.
ज्वाळ उठली की मासळी वाया.
आजोबांपासून आमची आग
अर्धीच जागी ठेवायची रीत आहे.
मी मान डोलावते.
माझ्या तक्त्यात 'अर्धी जागी' असा रकाना नाही.

धुराड्याच्या भिंतींवर तीन पिढ्यांचं डांबर,
बोट लावलं तर बोट सोडत नाही.
वर सळ्यांवर हॅडक, ओळीने, उघड्या तोंडांचे.
खाली ओकचा भुसा,
धुमसणारा,
आणि त्याच्यापासून चार पावलांवर
पुठ्ठ्याची खोकी, आढ्यापर्यंत.
लिहिते.

भिंतीपलीकडे धाकट्या भावाचा बर्फाचा कारखाना.
दोघांमधून विस्तव जात नाही,
गोदीवरचं शेंबडं पोरही सांगेल.
पाइपाशेजारच्या भगदाडात मी कोपरापर्यंत हात घालते.
पलीकडचा गारवा बोटांना लागतो.
जाईल, मी म्हणते. इथून खुशाल जाईल.
तो हसत नाही.

मागच्या दाराला साखळी.
कुलपावर गंज नाही, म्हणजे रोजचं.
चोर येतात हो, गेल्या हिवाळ्यात तांब्याच्या तारा नेल्या.
किल्ली?
माझ्याकडे.
आणि रात्री तुम्ही?
घरी.
आग गोदीवर, किल्ली क्लीथॉर्प्सला.

माणसं किती?
दिवसा नऊ, रात्री एक.
इथे झोपतं कुणी?
छे.

शिडी चढून मी माळ्यावर जाते.
खोक्यांमागे एक उशी, जांभळ्या फुलांचा अभ्रा,
फोनची वायर, बिटाच्या लोणच्याची अर्धी बरणी,
दर दोन तासांनी वाजणारं घड्याळ.
ऑड्रोने, क्लायपेडाची,
बाहीने तोंड पुसत म्हणते:
झोपत नाही मी. आडवी होते.
भुसा परतायचा असतो ना.

बावीस वर्षं मी बंबावर होते.
आडवे झालेले किती जण पाहिले
ते मी कुठल्या तक्त्यात लिहीत नाही.
अभ्रा सारखा करते, उगाच,
आणि खाली येऊन लिहिते: रात्री झोपणारी व्यक्ती, एक.
पेन जरा जोरातच टेकतं.

कचेरीत जुना तक्ता, काचेआड, धुराने पिवळा.
जबाबदार व्यक्ती: वॉल्टर कथबर्ट.
वडील, ऑस्मंड म्हणतो. जाऊन अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षं एक मेलेला माणूस
या साखळीची, या भगदाडाची, या शिडीची
काळजी वाहतो आहे,
आणि कुणाची तक्रार नाही.

नवा कागद मी त्याच्यापुढे सरकवते.
इथे मी नाव लिहिलं तर?
तर काही झाल्यास कोर्टात तुम्ही. दंड. कदाचित तुरुंग.
आणि नाही लिहिलं तर?
तरीही तुम्हीच.
तो पेनाचं टोपण काढतो, लावतो, काढतो.
बाहेर सीगल पक्षी आतड्यांवरून भांडत असतात.

आधी भोंगा तपासू, मी म्हणते.
ऑड्रोने, वर जा. रोजच्यासारखी आडवी हो. दार लावून घे.
ती जाते. शिडी करकरते, थांबते.
ऑस्मंड काच फोडायच्या डबीत चाचणीची किल्ली फिरवतो
आणि भोंगा सुटतो, कानठळ्या बसवणारा.
धुराड्यातले नऊ जण कान झाकून बाहेर येतात,
पलीकडच्या दारात धाकटा भाऊसुद्धा,
कितीतरी वर्षांनी या दाराकडे तोंड करून.
मी घड्याळ पाहते. दहा सेकंद. वीस. चाळीस.
ऑस्मंड किल्ली उलटी फिरवतो.

त्या शांततेत माळ्यावरून
तिचा आवाज येतो, जरा कंटाळलेला:
कधीची पडून आहे मी,
वाजवा ना आता.